आधी डिपस्टिक, मग बाकीचं: लहान टर्बो क्रॉसओव्हर सांभाळताना

गाडी घेऊन सात महिने झाले होते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं अर्धा बोट वर. महिन्यापूर्वी ते बरोब्बर खुणेवर होतं, वहीत तशी नोंदही होती. इंजिन ऑइल कमी होतं हे ऐकलं होतं, पण वाढतं कसं? पट्टीचं टोक पांढऱ्या टिश्यूवर टेकवलं आणि नाकाशी नेलं. पेट्रोलचा वास!

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बहुतेक रात्रपाळी. गाड्यांचं शिक्षण शून्य. पण बावीस वर्षं नमुने बघण्यात गेल्यामुळे कुठलाही द्रव समोर आला की आधी पातळी, मग रंग, मग वास आणि लगेच नोंद, ही सवय अंगात मुरली आहे. माझी गाडी म्हणजे एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, डायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो पेट्रोल इंजिन असलेली लहान क्रॉसओव्हर. मॅन्युअल गिअर, ताकद फक्त पुढच्या चाकांना. सहा वर्षं झाली, मीटरवर ८६ हजार किलोमीटर. टर्बो अजून मूळचाच आहे.

त्या वाढलेल्या ऑइलचं कारण साधं निघालं. घर ते लॅब अंतर चार किलोमीटर. थंड इंजिनाला चालायला जास्तीचं पेट्रोल लागतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. भिंती गार असल्या की त्यातलं थोडं तिथेच चिकटतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून ओघळून खाली ऑइलमध्ये जातं. इंजिन नीट तापलं तर हे पेट्रोल वाफ होऊन पुन्हा हवेच्या वाटेने इंजिनातच जळून जातं. चार किलोमीटरमध्ये तेवढं तापतच नाही. आणि इथे काटा फसवतो. तो कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. काटा मध्यावर आला तरी ऑइल गरम व्हायला आणखी बराच वेळ लागतो.

साध्या इंजिनात हे पातळ झालेलं ऑइल काही दिवस खपून जाईलही. टर्बोत तसं नाही. टर्बो म्हणजे एका बारीक दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो, दुसरा ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. लहान टर्बोचा दांडा पूर्ण जोरात मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या आसपास जातो आणि पेट्रोल इंजिनात पलीकडचा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेला असतो. बहुतेक टर्बोंत हा दांडा बॉल बेअरिंगवर बसवलेला नसतो, तो ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. पापुद्रा तुटला की धातूला धातू लागला. म्हणून या गाडीत मी आधी ऑइल बघते, बाकी सगळं त्यानंतर.

पातळी कशी बघायची

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन गरम असताना बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर कधीच विश्वास ठेवू नका, ऑइल नळीच्या भिंतीला लागून वरपर्यंत माखलेलं असतं. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसलं तर खालची पातळी खरी धरा. काही इंजिनांची पुस्तकं थंड असताना बघायला सांगतात. तसं असेल तर तसं करा, फक्त दर वेळी एकाच पद्धतीने, नाहीतर आजच्या आकड्याची कालच्याशी तुलनाच होणार नाही. काही नव्या गाड्यांत पट्टीच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते. तिथे गाडी सपाट आणि पुरेशी गरम असणं आणखी महत्त्वाचं.

खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक इंजिनांत साधारण एक लिटरचा फरक असतो. म्हणजे पट्टी मध्यावर आहे म्हणून अख्खा लिटर ओतायचा नाही. पावशेक लिटर ओता, थांबा, पुन्हा बघा. जास्त ऑइलही वाईटच: इंजिनाचा फिरता मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने बेअरिंगमध्ये पापुद्रा धरत नाही.

मग मी टिश्यूवर एक थेंब टाकते आणि तासभर ठेवते. मध्ये काळसर डाग, भोवती तपकिरी वलय आणि पेट्रोल बरंच असेल तर सगळ्यांत बाहेर जवळजवळ बिनरंगी ओलसर कडा पसरते. यावरून निदान करायचं नाही. मागच्या महिन्याच्या टिश्यूशेजारी ठेवून फक्त फरक बघायचा. मी ते टिश्यू तारीख घालून वहीतच चिकटवते. नवरा म्हणतो, गाडीचीसुद्धा रक्ततपासणी सुरू केलीस.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर पांढरा फेस दिसला तर लगेच हातपाय गाळू नका. छोट्या फेऱ्यांत आत पाणी धरतं, तो त्याचा फेस असू शकतो आणि लांब फेरी मारली की जातो. पण पट्टीवरचं ऑइलच गढूळ पांढरट दिसत असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर इंजिन सुरू न करता गाडी टो करून न्या.

माझ्यापुरता उपाय दोन ओळींचा होता. आठवड्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी सलग चाळीस मिनिटं गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवायची. आणि ऑइल बदलायची मुदत निम्मी करायची. माझ्या गाडीच्या पुस्तकात १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलंय. पण त्याच पुस्तकात पुढे बारीक अक्षरात 'कठीण वापर' असा तक्ता आहे: छोट्या फेऱ्या, धूळ, तासन्‌तास ट्रॅफिक, डोंगरचढ, ओझं ओढणं. तो वाचल्यावर कळलं की आपण 'साधा वापर' या रकान्यात बसतच नाही. बहुतेक जण बसत नाहीत. मी ७,५०० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते धरते. फिल्टर दर वेळी नवा.

डब्यावर काय वाचायचं

५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० हा आकडा जुळला म्हणजे ऑइल जुळलं असं नाही. तो फक्त घट्टपणा. खरं महत्त्व त्याखालच्या कोडला. पुस्तकात एपीआय (अमेरिकी) किंवा एसीईए (युरोपीय) या संस्थेचा दर्जा किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा मान्यता क्रमांक दिलेला असतो. तो अक्षर न्‌ अक्षर डब्यावर असायला हवा. 'सूटेबल फॉर' म्हणजे ऑइलवाल्याचा दावा आणि 'अप्रूव्हड' म्हणजे गाडीच्या कंपनीची मान्यता, दोन्ही वेगळं.

टर्बो पेट्रोलसाठी एपीआय एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला. त्यात एका खास दुखण्याची चाचणी आहे: इंजिन मिनिटाला कमी फेऱ्यांवर फिरत असताना जोर दिला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेतं. ऑइल आणि पेट्रोलचा मिसळलेला एखादा थेंब सिलिंडरमध्ये उडतो, स्वतःच पेटतो, आणि वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा घाव बसतो. एका घावात रिंग किंवा पिस्टनची कड तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या प्रमाणाचा याच्याशी संबंध आढळला, म्हणून नव्या ऑइलमध्ये त्याचा काही भाग काढून मॅग्नेशियम वापरतात.

आणखी एक चौकशी गाडी घेतल्या घेतल्या करा: तुमच्या इंजिनात टायमिंग चेन आहे, कोरडा बेल्ट आहे, की ऑइलमध्ये भिजत फिरणारा बेल्ट? काही लहान तीन सिलिंडर इंजिनांत हा तिसरा प्रकार असतो. चुकीच्या किंवा पेट्रोल मिसळलेल्या ऑइलने तो बेल्ट फुगतो, त्याचे कण सुटतात आणि ऑइल ओढणाऱ्या पंपाची जाळी तुंबते. सगळ्यात आधी उपाशी राहतात ते टर्बो आणि बेअरिंगं. अशा इंजिनात मुदतीच्या आधी ऑइल बदलणं हा काही हौसेचा खर्च नाही. ऑइलचा लाल दिवा लागला तर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' हा विचारही करू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद.

चालवताना

सुरू केल्यावर उभ्या उभ्या पाच मिनिटं गरम करायची गरज नाही. त्याने उलट पेट्रोलच जास्त ऑइलमध्ये जातं. अर्धा मिनिट थांबा आणि हळू निघा. पहिली दहा मिनिटं मी २,५०० फेऱ्यांच्या वर जात नाही.

टर्बो गाडीत खालच्या फेऱ्यांवरही दम असतो. त्याची चटक लागते आणि गिअर बदलायचा आळस येतो. पाचव्यात १,२०० फेऱ्यांवर गाडी रेंगाळतेय आणि पुढे चढ दिसतोय, तेव्हा अॅक्सिलरेटर जमिनीला टेकवणं ही या इंजिनाला दिलेली सगळ्यात वाईट वागणूक. वर सांगितलेला घाव नेमका तिथेच बसतो. एक किंवा दोन गिअर खाली घ्या, फेऱ्या दोन हजारांच्या वर येऊ द्या, मग जोर द्या. इंजिन जास्त ओरडतंय म्हणजे त्याला जास्त त्रास होतोय असं नसतं.

बंद करण्याआधी दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो जुन्या टर्बोंसाठी होता. त्यांना थंड करायला फक्त ऑइल असायचं, इंजिन झटकन बंद केलं की तापलेल्या दांड्याभोवती अडकलेलं ऑइल जळून कोळसा व्हायचं. आता बहुतेक टर्बोंभोवती कूलंट फिरतं आणि पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही लहान विजेचा पंप ते फिरवत ठेवतो. बंद गाडीचा पंखा घरघरत राहिला तर घाबरू नका, तेच काम चाललंय. रोजच्या फेरीला थांबायची काही गरज नाही. घाट चढून किंवा तासभर वेगात येऊन थेट थांबलात तरच मिनिटभर चालू ठेवा. ऑटो स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) असेल तर अशा वेळी ते बटणाने बंद करा.

टर्बो गाडीला मालकाची साथ लागते हे काही नवं नाही. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर आली, टर्बो घातलेल्या पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी एक. तिच्या इंजिनात धडधड होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारलं जायचं. मालकाने करायचं ते एवढंच की टाकी रिकामी झाली की भरायची. बऱ्याच जणांना तेवढंही जमलं नाही.

पेट्रोल किती ऑक्टेनचं हे पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. त्याहून कमी नको. जास्त ऑक्टेनचा फायदा इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तरच. झाकणावर 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन आकडे असतील, तर मोठ्या चढाच्या किंवा भर उन्हातल्या प्रवासाला दुसरा आकडा पाळते.

पिकअप गेला तर

चौथ्या वर्षी सर्व्हिसिंगहून गाडी आणली आणि दुसऱ्याच दिवशी चढावर ती दम टाकायला लागली. दोन हजार फेऱ्यांनंतर जो ढकलल्यासारखा जोर येतो तो गायब आणि बोनेटमधून 'फुस्स' असा आवाज. इंजिनचा दिवा लागला, कोड पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. एका गॅरेजने स्पार्क प्लग बदलले. फरक नाही. मग म्हणाले, टर्बो गेला, नवा टाका. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

धाकटा दीर मोबाइलचा टॉर्च घेऊन बोनेटमध्ये वाकला. टर्बोतून दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये गार होते आणि तिथून जाड रबरी होजने इंजिनात जाते. एअर फिल्टरच्या डब्याखाली त्या होजच्या तोंडाशी बोटभर रुंदीचं काळं कडं दिसलं: ऑइलचा ओशटपणा आणि त्यावर बसलेली धूळ. मी बोट फिरवलं तर खालच्या बाजूला बारीक फट. इंजिन चालू असताना नाही बरं, बंद करून, गार करून चाचपलं. क्लॅम्प होता, पण होजच्या उंचवट्याच्या अलीकडे घसरून बसला होता. फिल्टर बदलताना होज काढली असणार आणि परत पूर्ण बसवली नसणार. सैल केला, होज पूर्ण आत सारली, क्लॅम्प जागेवर घेऊन आवळला. दहा मिनिटांचं काम.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा. आधी सगळे होज आणि क्लॅम्प, ओशट कडी कुठे दिसतात ते. मग बारीक व्हॅक्यूमच्या नळ्या, त्या तडकतात. मग दाब सोडणारा वेस्टगेट आणि तो उघडझाप करणारा अॅक्च्युएटर. टर्बो सगळ्यात शेवटी. होजच्या आत ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं, साचलेलं ऑइल ओघळत असेल तर मात्र पाहावं लागतं. टर्बो खरोखर जात असेल तर तो सांगतो: रुग्णवाहिकेसारखी वाढत जाणारी शिट्टी, सायलेन्सरमधून निळा धूर, दोन सर्व्हिसिंगच्या मधे भराभर उतरणारं ऑइल. हे कोड वाचणारं ओबीडीचं छोटं यंत्र गाडीत ठेवा. पण कोड म्हणजे लक्षण. ताप आहे एवढं कळलं, कशाचा ते शोधायचंच असतं.

दिवा नुसता लागलेला न राहता लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर पेटत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतंय. लगेच वेग कमी करा. टर्बोत दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून इथे प्लगची फट लहान असते आणि प्लग थोडा झिजला तरी जोर देताना धक्के बसतात. माझ्या पुस्तकात ६० हजार लिहिलंय, मी ४५ हजारांना बदलले. इंजिन पूर्ण गार असतानाच काढा आणि टॉर्क पान्यानेच आवळा.

एअर फिल्टर स्वस्त म्हणून दुर्लक्षित. त्याची रबरी कड डब्यात नीट बसली नाही तर धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर, आणि त्या वेगाला धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. कागदी फिल्टर हवेच्या प्रेशरने फुंकून परत घालू नका, बारीक भोकं पडतात.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि मागच्या बाजूला कार्बन साठतो. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या इंजेक्टर साफ करतील, त्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाहीत. सकाळी थंड इंजिन थरथरतंय, जोर कमी, आणि प्लग-कॉइल ठीक आहेत, तरच आत कॅमेरा घालून बघायला सांगा. साफ करायची खात्रीची पद्धत म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारणं. दर सर्व्हिसिंगला 'डीकार्बनायझिंग' घ्या म्हणून मागे लागतात, मी नाही म्हणते.

कूलंटचा रंग बघून भर घालू नका. हिरवा, गुलाबी, निळा यांना कुठला एक नियम नाही. पुस्तकातला प्रकार घ्या. गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम या खास, वारंवार सुरू-बंद सोसणाऱ्या प्रकारची बॅटरीच लागते, साधी घातली तर लवकर बसते. स्टार्ट-स्टॉप आपणहून काम करायचं थांबलं तर बहुतेकदा बॅटरी दमत आलेली असते. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असेल तर चढावर अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा.

उंच आहे म्हणून

क्रॉसओव्हर उंच दिसते, पण हवा ओढायचं तोंड आणि इंटरकूलर बऱ्याचदा पुढे, बंपरच्या मागेच असतात. साचलेल्या पाण्यात घालण्याआधी तुमच्या गाडीचं ते तोंड कुठे आहे हे बोट लावून बघून ठेवा. पाणी आत गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. चारही चाकांना ताकद असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. हवा गार टायरमध्ये बघा, तापमान १० अंशांनी बदललं की जवळपास २ पीएसआयचा फरक पडतो. टायरवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

आता गाडी सर्व्हिसिंगला देताना मी तोंडी काही सांगत नाही, कागदावर लिहून देते: कुठलं ऑइल, किती लिटर, कोणता होज काढणार असाल तर क्लॅम्प दाखवा, खालच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या सगळ्या क्लिपा परत लावा. परत घेताना आधी तिथेच, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पट्टी बघते. जुना फिल्टर आणि ऑइलचे रिकामे डबे मागून घेते. डब्यावरचा कोड आणि बॅच नंबर वहीत उतरवते, शेजारी नव्या ऑइलचा पहिला थेंब टिश्यूवर, आणि खाली किलोमीटर.